रेडबिअर्ड, 'इन द स्टुडिओ' आणि रॉक अल्बमांचे वाढदिवस

टेपवाला (धागाकर्ता)

यंदा १९७६ सालच्या रॉक अल्बमांना पन्नास वर्षं होतायत. बॉस्टन या बँडचा पहिला अल्बम, रशचा '२११२', ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे सगळे त्याच वर्षीचे. म्हणजे वर्षभर मुलाखतींचा पाऊस पडणार. त्याआधी एका रेडिओ निवेदकाबद्दल लिहावंसं वाटतंय, कारण अशा मुलाखती कशा घ्याव्यात हे मी त्याच्याकडून ऐकत ऐकत शिकलो.

अमेरिकेत तो 'रेडबिअर्ड' याच नावानं ओळखला जातो. डॅलसच्या क्यू-१०२ या रॉक स्टेशनवर तो निवेदक होता. १९८८ मध्ये 'इन द स्टुडिओ' हा त्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि अमेरिकेतली अनेक स्टेशनं तो लावू लागली. आता त्याचे भाग इंटरनेटवर ऐकता येतात. रचना अगदी साधी. एका भागात एक अल्बम. तो ज्यांनी केला ते स्वतः बोलतात, मध्ये मध्ये त्यातलीच गाणी वाजतात. निमित्त बहुतेक वेळा वाढदिवसाचं: वीस वर्षं, पंचवीस, चाळीस, पन्नास.

याची खरी ताकद कळायला पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' घ्या. मार्च १९७३ चा हा अल्बम मुळात मुलाखतींवरच उभा आहे. अ‍ॅबी रोड स्टुडिओत बँडमधल्या रॉजर वॉटर्सनं कार्डांवर प्रश्न लिहिले आणि जो समोर दिसेल त्याला मायक्रोफोनपुढे बसवलं. तांत्रिक मदतनीस, शेजारच्या खोलीत रेकॉर्डिंग करणारे वादक, दारावरचा माणूस. तू शेवटचा हिंसक कधी झालास? तेव्हा तुझी बाजू बरोबर होती का? असले थेट प्रश्न. पॉल मॅकार्टनी आणि लिंडा मॅकार्टनी यांनाही विचारलं होतं, पण त्यांची उत्तरं अल्बममध्ये घेतली नाहीत. मॅकार्टनी विनोद करून वेळ मारून नेत होता असं वॉटर्सनं पुढे सांगितलं. उलट जेरी ओ'ड्रिस्कॉल हा स्टुडिओचा द्वारपाल सहज बोलून गेला की चंद्राला काळी बाजू अशी काही नसते, खरं तर सगळाच काळा आहे. त्याच वाक्यावर अल्बम संपतो.

मुलाखतीचं मर्म मला यात दिसतं. हजार वेळा बोललेल्या माणसाकडे तयार उत्तर असतं. त्याच्या मागचं काही बाहेर काढायचं असेल तर भावनांबद्दल विचारून उपयोग नसतो, वस्तूंबद्दल विचारावं लागतं. कोणती खोली होती, टेपवर किती जागा उरली होती, तो आवाज कशातून काढला. रेडबिअर्ड हे धीरानं करतो. तो वॉटर्सशी वेगळं बोललाय, त्याच बँडमधल्या डेव्हिड गिलमरशी वेगळं. दोघांचं पटत नाही हे जगजाहीर आहे. त्यांची भांडणं लावण्यात त्याला रस दिसत नाही, प्रत्येकाला आपली आठवण पूर्ण सांगू देतो. जुळवाजुळव ऐकणाऱ्यानं करायची.

तुमच्या ऐकण्यातल्या अशा मुलाखती कोणत्या? आणि वाढदिवस साजरे करण्याच्या या प्रथेबद्दल काय वाटतं?

---

डॅलसनिवासी

वा, हा विषय इथे निघेल असं वाटलं नव्हतं. मी नोकरीसाठी डॅलसला आलो तेव्हा रॉकबद्दल जवळपास काहीच माहीत नव्हतं. घरी भावगीतं आणि नाट्यपदं ऐकत वाढलो. इथल्या लांबच लांब रस्त्यांवर गाडीत रेडिओ हीच सोबत. या कार्यक्रमामुळे मला पहिल्यांदा समजलं की अल्बम ही सलग ऐकायची गोष्ट आहे, त्यातलं एक गाणं उचलून चालत नाही.

माझ्या सर्वांत आवडीची कथा बॉस्टनच्या टॉम शोल्झची. हा एमआयटीत शिकलेला इंजिनियर, पोलरॉइड कंपनीत नोकरीला. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला घराच्या तळघरात त्यानं स्टुडिओ उभा केला आणि नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं त्याच गाण्यांवर काम करत राहिला. एपिक या रेकॉर्ड कंपनीनं करार केला, पण अट घातली की सगळं व्यावसायिक स्टुडिओत नव्यानं रेकॉर्ड करा. मग निर्माता जॉन बॉयलननं युक्ती काढली. बाकीच्या बँडला तो लॉस एंजेलिसला घेऊन गेला, म्हणजे कंपनीला वाटावं की काम तिकडेच चाललंय, आणि शोल्झ इकडे तळघरात बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून अल्बम पुरा करत होता. ऑगस्ट १९७६ मध्ये तो आला आणि एकट्या अमेरिकेत पुढे १ कोटी ७० लाखांवर प्रती गेल्या.

शोल्झ मायक्रोफोन, टेप, सर्किट यांबद्दल बोलतो तेव्हा इंजिनियर म्हणून माझं मन भरून येतं. त्याला कुणी प्रसिद्धीबद्दल, पैशाबद्दल विचारलं असतं तर चार वाक्यांत विषय संपला असता. यंत्राबद्दल विचारलं की तो थांबत नाही.

---

पूर्वा

वाचनखूण साठवली. 'डार्क साइड'मधल्या त्या बाईंच्या गाण्याबद्दल कुणी लिहा ना. शब्दच नाहीत, नुसता आलाप. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

---

टेपवाला

@पूर्वा, क्लेअर टोरी. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सनं तिचं नाव सुचवलं. रविवारी बोलावलं म्हणून दुप्पट दरानं ३० पौंड मिळाले. शब्द नाहीत, चाल नाही, फक्त बँडमधल्या रिचर्ड राइटचा पियानो आणि त्याचे स्वरसंच. आपला आवाज एक वाद्य आहे असं समजून गायचं तिनं ठरवलं आणि दोन-तीन टेकमध्ये ते झालं. २००४ मध्ये तिनं रचनेतल्या वाट्यासाठी दावा लावला, पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या रचनेवर राइटच्या जोडीला तिचंही नाव लागतं.

वाढदिवसांमुळे साधतं ते हेच. अल्बम आला तेव्हा मुलाखतकार फक्त चार वादकांकडे जात होते. तीस वर्षांनी 'त्या दिवशी खोलीत आणखी कोण होतं' हा प्रश्न निघाला.

---

बाजू_दोन

धागा छान आहे, पण मला दुसरी बाजूही मांडायची आहे.

वाढदिवस कोण ठरवतं? रेकॉर्ड कंपन्या. १९८० च्या दशकात सीडी आली आणि लोकांकडे असलेलेच अल्बम त्यांना पुन्हा विकायची सोय झाली. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' सीडीवर आला तो १ जून १९८७ ला, बरोबर वीस वर्षांनी. त्याच सुमारास अमेरिकेत जुनंच रॉक वाजवणारी स्टेशनं वाढत होती. 'इन द स्टुडिओ' १९८८ मध्ये सुरू झाला तो या वातावरणात. मग पंचविशीची आवृत्ती, तिशीची, चाळिशीची, आता पन्नाशीची भलीमोठी पेटी. आणि प्रत्येक वेळी वादक मुलाखत देणार.

माझा आक्षेप निवेदकावर नाही. एकच गोष्ट चाळीस वर्षं सांगितली की ती गुळगुळीत होते, माणसाला ती मूळ प्रसंगापेक्षा जास्त पाठ असते. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चंच बघा. ईगल्सचा गिटारवादक डॉन फेल्डर सांगतो की मायामीत त्या गाण्याच्या शेवटच्या गिटारचं रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा बँडमधल्याच डॉन हेन्लीनं आग्रह धरला, कच्च्या कॅसेटवर होतं हुबेहूब तेच हवं. कॅसेट राहिली होती लॉस एंजेलिसजवळ घरी. मग फेल्डरनं घरकाम करणाऱ्या बाईंना फोन केला, त्यांनी कॅसेट शोधून फोनपाशी वाजवली आणि ती ऐकून त्यानं आपलेच सूर पुन्हा बसवले. गोष्ट मला फार आवडते. पण २००१ मध्ये फेल्डरला बँडमधून काढलं, कोर्टबाजी झाली, आणि २०१६ मध्ये बँडमधला ग्लेन फ्राय गेला. आता त्या खोलीतली प्रत्येक आठवण कुठल्या तरी बाजूची झाली आहे. ती कुणी पारखायची?

---

रेडिओ_तंत्री

@बाजू_दोन, कंपन्यांचं अर्थकारण तुम्ही सांगता तसंच आहे. मात्र या कार्यक्रमाची मुळं त्याहून जुनी आहेत आणि ती रेडिओच्या नियमांत आहेत. तिकडे कुणी फारसं बघत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत १९६० च्या दशकापर्यंत एएम स्टेशनांचं राज्य होतं. तीन मिनिटांचं गाणं, जाहिरात, पुन्हा गाणं. एफएमचा आवाज कितीतरी स्वच्छ, १९६१ पासून त्यावर स्टिरिओची परवानगीही होती, पण मालक मंडळी एएमवरचाच कार्यक्रम एफएमवर जशाच्या तसा सोडून देत. तिथल्या दूरसंचार आयोगानं नियम केला की एक लाखावर वस्तीच्या शहरांत एकाच मालकाच्या दोन्ही स्टेशनांना निम्म्याहून जास्त वेळ तेच लावता येणार नाही. १९६७ च्या सुरुवातीपासून तो लागू झाला. मालकांपुढे रिकामे तास उभे राहिले आणि ते भरायला स्वस्तात तयार कोण? तरुण निवेदक, ज्यांच्याकडे स्वतःच्या रेकॉर्डांचा साठा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यूनं त्याच वर्षी अल्बममधली लांब गाणी सलग लावायला सुरुवात केली. पुढे देशभर हे पसरलं.

म्हणजे १९६७ ते १९७७ या काळातले मोठे अल्बम ज्या रेडिओमुळे लोकांच्या घरात गेले, त्याच रेडिओच्या पोटातून रेडबिअर्डसारखे लोक आले. रेकॉर्डची बाजू एक, बाजू दोन, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटं, हा हिशोब त्यांच्या हाडात मुरलेला. म्हणून गाण्यांचा क्रम का असा, हे गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी का, असे प्रश्न त्यांना सहज सुचतात. आज फोनवर सुटी गाणी ऐकणाऱ्या निवेदकाला ते सुचणं अवघड आहे.

आणि लांबी हे प्रकरण किरकोळ नव्हे. फ्लीटवुड मॅक या बँडच्या १९७७ च्या 'रूमर्स'मधून त्यांच्या गायिका स्टीव्ही निक्सचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' गळलं ते फार लांब आणि संथ म्हणून. रेकॉर्डच्या बाजूवर तेवढी जागाच नव्हती. तिला ते स्टुडिओच्या पार्किंगमध्ये सांगण्यात आलं. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, बँडच्या थेट कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमधून ते गाणं लोकांपर्यंत नीट पोहोचलं.

---

मेघमल्हार

'रूमर्स'चा विषय निघालाच आहे तर: कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत ती मंडळी बसली तेव्हा क्रिस्टीन मॅकव्ही आणि जॉन मॅकव्ही वेगळे होत होते, स्टीव्ही निक्स आणि लिंडसी बकिंगहॅम तुटत होते, मिक फ्लीटवुडचं लग्नही मोडायला आलं होतं. एकमेकांवर लिहिलेली गाणी एकमेकांच्या साथीनं गायची! टेप इतक्या वेळा यंत्रातून गेली की तिच्यावरचा लेप झडायला लागला आणि ढोलांचा आवाज बोथट होत चालल्याचं कानाला जाणवलं. मग जपून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीशी जुळवून घ्यावं लागलं.

इथे मुलाखतकाराची खरी परीक्षा असते. नात्यांबद्दल विचारणं फार सोपं आहे आणि लोकांना तेच हवं असतं. पण निक्सचा आक्षेप बकिंगहॅमच्या गाण्यातल्या एका ओळीला होता, ती ओळ तिला खोटी वाटत होती, तरीही त्याच गाण्यात तिनं मागे साथ दिली. हे कळायला ओळीबद्दल विचारावं लागतं. टेपवाला म्हणतात ते मला पूर्ण पटतं.

क्रिस्टीन २०२२ च्या नोव्हेंबरात गेली. तिनं आधी दिलेल्या मुलाखती आहेत म्हणून तिची बाजू शिल्लक आहे.

---

सातारी_वारा

क्वीनबद्दल लिहायलाच हवं, कारण आमच्या पाचगणीचा मुलगा आहे त्यात.

फ्रेडी मर्क्युरी सेंट पीटर्स शाळेत शिकला. झांझिबारहून आई-वडिलांनी त्याला इकडे पाठवलं. पियानो तो तिथे शिकला आणि 'द हेक्टिक्स' नावाचा शाळेतला बँडही तिथलाच. आम्ही टेबललँडवर हुंदडायला जायचो तेव्हा वाटेत ही शाळा लागायची आणि मोठी मुलं अभिमानानं सांगायची.

नोव्हेंबर १९७५ चा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' गेल्या वर्षी पन्नास वर्षांचा झाला. त्यातलं सहा मिनिटांना जरा कमी पडणारं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' एवढं लांब म्हणून ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी ते सुटी रेकॉर्ड (सिंगल) म्हणून काढायला बिचकत होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटला त्याची प्रत मिळाली, वाजवू नकोस असं सांगून. त्यानं एका शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानांत विचारायला लागले. पुढे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. सांगायचा मुद्दा हा की रॉकच्या इतिहासात रेडिओ निवेदक फक्त मुलाखती घेणारा नाही, कित्येकदा तो स्वतः त्या गोष्टीतलं पात्र आहे.

पण क्वीनच्या वाढदिवसांना माझ्या मनाला एक टोचणी लागते. फ्रेडी १९९१ मध्ये गेला. जॉन डीकन निवृत्त झालाय, मुलाखती देत नाही. राहिले ब्रायन मे आणि रॉजर टेलर. दोघं मनापासून बोलतात, फ्रेडीबद्दल प्रेमानं बोलतात. तरी त्या शेकडो आवाजांच्या थरांत नेमकं काय चाललं होतं हे ज्याच्या डोक्यात होतं तोच नाही. पाचगणीच्या पियानोचा त्या गाण्यात किती वाटा हे त्याला कुणी शांतपणे विचारायला हवं होतं.

---

पूर्वा

@सातारी_वारा, +१. वाचून डोळे भरले.

---

बाजू_दोन

@रेडिओ_तंत्री, एफएमच्या नियमाची माहिती फार मोलाची. तो दुवा कधी जोडला नव्हता.

तरी माझा प्रश्न उरतोच: गुळगुळीत झालेली गोष्ट पारखायची कशी? 'द हू' या ब्रिटिश बँडच्या १९७१ च्या 'हूज नेक्स्ट'मधलं पहिलं गाणं घ्या, 'बाबा ओ'रायली'. नावातला 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा, आणि 'ओ'रायली' म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार. सुरुवातीच्या त्या फिरत्या आवाजाबद्दल कायम सांगितलं जातं की बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडनं मेहेरबाबांची माहिती संगणकात किंवा सिंथेसायझरमध्ये घातली आणि त्यातून ते सूर निघाले. किती ठिकाणी वाचलंय!

---

टेपवाला

@बाजू_दोन, अगदी नेमकं उदाहरण दिलंत, आणि पारखायची रीतही त्यातच आहे. टाउनशेंडची तशी कल्पना होती खरी. 'लाइफहाउस' नावाच्या मोठ्या प्रकल्पात माणसांची माहिती यंत्राला देऊन प्रत्येकाचं संगीत काढायचं त्याच्या मनात होतं. तो प्रकल्प कोसळला आणि उरलेल्या गाण्यांतून, ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सच्या मदतीनं, 'हूज नेक्स्ट' झाला. पण त्या गाण्यातला आवाज सिंथेसायझरचा नाहीच. तो लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा आहे. त्यावर 'मरिम्बा रिपीट' नावाची सोय होती, पट्टी दाबून धरली की सूर आपोआप ठोके घेत परतत राहतो. टाउनशेंडनं ती सोय लावून हातानं वाजवलं आणि त्या लांबलचक रेकॉर्डिंगमधून कापून गाण्यापुरतं घेतलं.

मी म्हणतो वस्तूबद्दल विचारा, ते याचसाठी. कल्पनेबद्दल विचारलं तर दंतकथा मिळते. कोणतं वाद्य होतं, कोणता खटका दाबला, असं विचारलं तर ऑर्गन मिळतो. आणि ऑर्गन मिळाल्यानं गाण्याची जादू तसूभर कमी होत नाही, मला तर वाढलेली वाटते. शेवटचं ते व्हायोलिन ईस्ट ऑफ ईडन बँडच्या डेव्ह आर्बसचं, आणि ते घालायची कल्पना ढोल वाजवणाऱ्या कीथ मूनची.

---

नगरकर

मेहेरबाबांचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं. एरवी नुसता वाचतो.

आमच्या नगरपासून जवळच अरणगावला मेहेराबाद आहे, बाबांची समाधी तिथेच. पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. पुण्यात हजरत बाबाजान, साकोरीत उपासनी महाराज, असा त्यांचा प्रवास. १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायचे, नंतर नुसत्या खुणांनी. दरवर्षी जानेवारीअखेर अमरतिथीला देशोदेशीची माणसं येतात, गावच्या दुकानदारांनासुद्धा इंग्रजीची सवय झालीय.

या गाण्याचा आणि आमच्या अरणगावचा संबंध मला कॉलेजात एका परदेशी पाहुण्याकडून कळला. घरी येऊन ऐकलं. तोवर बाबा म्हणजे आजीच्या देवघरातला फोटो. टाउनशेंडनं 'टॉमी'वर त्यांचं नाव छापलंय, तोही १९६९ चाच अल्बम. बोलता न येणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या मुलाची ती गोष्ट. ज्यांनी चव्वेचाळीस वर्षं शब्द उच्चारला नाही त्यांच्यापाशी जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या बँडचा माणूस येऊन थांबला, याचं मला अजून नवल वाटतं. १९७६ मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर १२६ डेसिबल आवाजाबद्दल त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं होतं.

टाउनशेंडला रेडिओवर बाबांबद्दल विचारणारे पुष्कळ. पण इकडे, मेहेराबादच्या लोकांना, त्या पाश्चात्त्य पोरांबद्दल कुणी विचारलं का? माझ्या ओळखीत एक आजी आहेत, सत्तरच्या दशकात येणाऱ्या परदेशी मंडळींच्या जेवणाखाण्याचं बघायच्या. त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं.

---

डॅलसनिवासी

@नगरकर, लॉगिन केलंत ते फार बरं झालं. लिहीत राहा.

---

रेडिओ_तंत्री

नगरकरांनी जो प्रश्न काढलाय तो मुंबईलाही लागू पडतो.

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून 'वंडरवॉल म्युझिक' या आपल्या अल्बमसाठी रेकॉर्डिंग करत होता. साथीला शिवकुमार शर्मा संतूरवर, आशिष खाँ सरोदवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर. बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीतही त्याच बैठकांमधलं. स्टुडिओत स्टिरिओची सोय नव्हती, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र आणवलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले, आणि 'डार्क साइड'ला अमेरिकेत जो प्रचंड खप मिळाला, १९७३ ते १९८८ मध्ये मिळून ७४१ आठवडे बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत मुक्काम, त्याची सुरुवात त्यांनी लावलेल्या जोरामुळे झाली. मेनन २०२१ मध्ये गेले.

१९७२ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी त्यांनी इथल्या वादकांबरोबर रेकॉर्ड केली. ती टेप रीतसर प्रकाशित व्हायला २०१५ उजाडलं, 'कोडा' या त्यांच्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. वादकांच्या जागी लिहिलंय 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. पेजनं त्या दिवसांबद्दल सांगितलं आहे. तबला कुणी धरला होता, सारंगी कुणाची, त्यांना ते विचित्र ताल कसे वाटले, हे सांगणारा आवाज मात्र रेडिओवर मी कधी ऐकलेला नाही. ही मंडळी सकाळी हिंदी सिनेमाचं रेकॉर्डिंग करून दुपारी दुसरीकडे जाणारी. त्यांच्यासाठी तो कामाचा एक दिवस होता, म्हणूनच त्यांची साक्ष जास्त मोलाची. आशिष खाँ २०२४ मध्ये गेले, शिवकुमारजी २०२२ मध्ये.

---

बाजू_दोन

हे वाचून माझ्या आक्षेपाची धार कमी झाली असं नाही, पण तो दुसरीकडे वळला. कंपनी तारीख ठरवते हे खरं, आणि ज्यांची नावं मुखपृष्ठावर नाहीत त्यांच्या दारात ती कधी जात नाही हेही खरं. तारखेचा फायदा घेऊन त्यांच्या दारात जायचं काम रेडिओवाल्यांनी करावं.

---

मेघमल्हार

एक विनंती: यंदाच्या अल्बमांपैकी एखादा आपण इथे मिळून ऐकू या का? मी '२११२' सुचवते. आधीचा अल्बम पडला म्हणून कंपनी रशला म्हणत होती छोटी, खपतील अशी गाणी करा, आणि या तिघांनी पहिली पूर्ण बाजू वीस मिनिटांच्या एकाच रचनेला दिली. तिघांपैकी नील पर्ट २०२० मध्ये गेला. बाकीचे दोघं, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन त्याबद्दल सविस्तर बोलले आहेत, 'इन द स्टुडिओ'वरही. आधी अल्बम, मग मुलाखत, या क्रमानं ऐकावं असं मला वाटतं.

---

टेपवाला

@मेघमल्हार, नक्की. '२११२' पहिला, मग बॉस्टन, वर्षाअखेर 'हॉटेल कॅलिफोर्निया', कारण तो डिसेंबरातलाच आहे. प्रत्येकासाठी वेगळा धागा काढतो.

@नगरकर, त्या आजींशी बोलून घ्या, कृपा करून. फोनवर रेकॉर्ड केलंत तरी चालेल, त्यांची परवानगी घेऊन. फोन टेबलावर ठेवू नका, खाली जाड कापडाची घडी घाला, पंखा बंद करा. आणि 'कसं वाटलं' हा प्रश्न अगदी शेवटी ठेवा.

---

नगरकर

येत्या रविवारी जातो. काय काय विचारू ते इथेच लिहा, वहीत उतरवून नेतो.

---

रेडिओ_तंत्री

ही मंडळी कोणत्या खोलीत उतरायची? सामानात गिटार असायची का, आणि ती कुठे ठेवत? संध्याकाळी गाणं व्हायचं तर कोणत्या भाषेत?

---

पूर्वा

जेवायला काय असायचं आणि तिखट चालायचं का, तेही विचारा. आणि आजींनी ते बाबांच्या नावाचं गाणं कधी ऐकलंय का? नसेल तर तिथेच लावून ऐकवा, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.